आधी पाणी, मग सुई

पाटोद्याच्या बाजारात भेटला, तरी हा गृहस्थ आधी माझ्या कोपराच्या खळगीकडे बघतो आणि मग तोंडाकडे. दूध संस्थेच्या गाळ्यात त्याची लॅब आहे. रक्तातली साखर, चरबी, किडनी, सगळं तिथंच तपासतो. शीर सापडेना की तिच्याशीच बोलतो, "ये गं बाई, कावून लपलीस?" पेशंट हसतो, तेवढ्यात सुई आत गेलेली असते.

मागं एकदा मोठा दुष्काळ पडला आणि संस्थेचं दूध आटलं. तेव्हा यानं दुधाचा एक रिकामा कॅन मागून घेतला आणि पिण्याचं पाणी भरून दारात ठेवला. लोक तपासणीला उपाशीपोटी यायचे ते पाणीही न पिता. हा खेकसायचा, "उपाशी या म्हणलं व्हतं, तहानलेलं न्हाई!"

एकदा मी आईला किडनीच्या तपासणीला नेलं. त्यानं तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगात पाणीच नव्हतं. त्यानं सुई बाजूला ठेवली.

"मावशी, आज रगात घेतलं तर किडनीचा न्हाई, टँकरचा रिपोर्ट यील. आठ दिवस पोटभर पाणी प्या, मग या."

आई उठली. त्यानं पेला भरून हातात दिला. तिनं अर्धा पिऊन पुढं केला. "ऱ्हाऊ द्या, मागच्याला व्हईल."

"मागच्याचं कॅनमधी हाय. हे तुमचं."

आई पुन्हा बाकावर टेकली. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंच तर उभ्याउभ्या घोटभर पिणारी माझी आई त्या उन्हाळ्यात बसून पाणी पिताना मला पहिल्यांदाच दिसली.