जिवलीचा मोकळा हात

कुंभवलीच्या मागल्या पाड्यावर जिवली राहायची. सकाळी कापड रंगवायच्या कारखान्यात झाडू मारायची, दुपारी येऊन भाकरी थापायची आणि रात्रभर टक्क जागी असायची. दोन वर्षं हेच चाललं होतं. धाकटी मंगळी, दहा वर्षांची पोर, बापाबरोबर वीटभट्टीवर गेली ती तिकडेच तापाने गेली. निरोप पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. आईला पोरीचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही! तेव्हापासून जिवलीच्या छातीत धडधड व्हायची, एक हंडा पाणी आणलं तरी धाप लागायची. थोरली पारू सोळा वर्षांची. घर तीच बघायची आणि आईलाही तीच सांभाळायची.

अठ्ठ्याऐंशी साली पाड्यावर डॉक्टर सुगंधा वर्तक आल्या. मूळच्या एडवणच्या, नारळाच्या वाड्या असलेल्या घरातल्या, मुंबईत शिकलेल्या. बाई मनाने चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांच्याच नावाने बोटं मोडाल. आपल्या श्वासाकडे आणि पावलांकडे ध्यान देऊन नाचलं तर प्रकृतीला काय गुण येतो, हे त्यांना मोजून बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी तारप्याचा नाच धरला, एकमेकींच्या कंबरेत हात घालून रांगेने तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरायचा तो. नवा भात आल्यापासून दिवाळीपर्यंत आठ शुक्रवार, दुपारी चार वाजता, बारा बायका, डोळे मिटून. शुक्रवार का, तर कारखान्यांना सुट्टी तेव्हाच. नाचाआधी वजन, रक्तदाब, झोप विचारायची आणि नाचानंतर परत तेच. बायका हसून हसून लोळल्या. नाचल्यावर बरं वाटतं हे कळायला वही कशाला लागते?

जिवलीची प्रकृती सगळ्यांत नाजूक, म्हणून बाईंनी तिला रांगेच्या शेवटी, शेपटाला ठेवलं. धाप लागली तर बाजूला होता येईल, हा विचार. आणि तिची नाडी नाच चालू असतानाच मोजायची होती. तेव्हा त्या म्हणाल्या, "जिवली, तुझा बाहेरचा हात असा लांब, मोकळा ठेव. मी मधूनमधून येऊन मनगट धरीन. डोळे उघडू नकोस."

तारपा वाजवणारा बुधा लगेच उठून उभा राहिला. "तसं नाय चालत, बाय. शेपटाच्या माणसानं हात कंबरेवर ठेवायचा. मोकळा ठेवला तर कोण बी येऊन धरल."

"मीच धरणार आहे की," बाई हसल्या.

बुधा काहीतरी पुटपुटला आणि त्याने तारप्याला तोंड लावलं. आता शिकल्यासवरल्या बाईशी कोण वाद घालणार?

पहिल्या शुक्रवारी बाराव्या की तेराव्या फेरीला जिवलीचा हात धरला गेला. हाताची पकड बारीक आणि गच्च होती. जिवली डोळे मिटूनच म्हणाली, "बाय, जरा हलक्यानं धरा."

"काय म्हणालीस?" बाईंचा आवाज लांबून, पडवीतून आला. "थांब हं, मी आलेच."

जिवलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण पाय थांबले नाहीत. तो हात तिचा अख्खा पंजा धरत नव्हता, मधली दोनच बोटं धरत होता. मंगळी चालायला लागल्यापासून आईची तीच दोन बोटं धरायची. बाजाराला जाताना, ओढा ओलांडताना, नेहमी तीच. आईला सांगावं लागत नाही, कोणाचा हात आहे ते. जिवलीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने बोटं सैल सोडली नाहीत.

त्या दिवशी दोन वर्षांनी तिला गाढ झोप लागली.

दर शुक्रवारी असंच होऊ लागलं. जिवलीने कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भगत आला असता, अंगारा लावला असता, आणि हात गेला असता! तिची धाप गेली, धडधड गेली. बाईंना तर आनंद मावेना. पहिल्या दिवशी नाचताना नाडी शंभरावर होती, मग शहाऐंशी, मग चौऱ्याहत्तर. पाचव्या शुक्रवारी साठ. "नाचतेस आणि नाडी साठ? हे तर नवलच आहे," असं म्हणत बाईंनी वहीत लाल रेघ मारली. एकच तक्रार होती. मनगट धरलं की कधीकधी एकीच्या मागे दुसरी, बारीक, घाईची नाडी लागायची. घड्याळ बदलून पाहिलं, तरी लागायची. बाईंनी ते आपल्या बोटांचा दोष म्हणून सोडून दिलं.

पारूला मात्र आनंद होईना. आईने चुलीवरचं उकळतं टोप फडक्याशिवाय उतरवलं आणि तिला कळलंही नाही. हात गार, पाय गार. दुपारी निजली की छाती हलायचीच नाही. पारू तिच्या नाकाशी कापसाचा धागा धरून बसायची. धागा हलला की मगच उठायची. सहाव्या शुक्रवारी नाडी अठ्ठेचाळीस झाली. बाई म्हणाल्या, "खेळाडूंची असते अशी." पारूने ते ऐकलं आणि ती थेट बुधाकडे गेली.

बुधाने सगळं ऐकून घेतलं. "तिचा हात रिकामा ठेवू नको, पोरी," एवढंच म्हणाला.

सातव्या शुक्रवारी नाच रंगात आल्यावर पारू गुपचूप शेपटाला जाऊन उभी राहिली आणि तिने आईच्या कंबरेत हात घातला. जिवलीला वाटलं, कोणीतरी मध्ये आलं. तिने रागाने डोळे उघडले. शेजारी पारू. पारूने डोळे मिटले होते आणि ती हसत होती. तिचा पलीकडला हात हवेत लांब झाला होता आणि त्या हाताची मधली दोन बोटं कोणीतरी आवळून धरल्यासारखी एकत्र झाली होती.

"आये," पारू गुंगीत म्हणाली, "किती बरं वाटतंय गं."

जिवलीच्या काळजाचं पाणी झालं. आपलं काय व्हायचं ते होवो, त्याची तिला कधीच पर्वा नव्हती. पण ही? तिने पारूला दंडाला धरून हिसकलं, रांगेत आत ओढलं आणि स्वतः परत शेपटाला गेली. तारपा वाजतच होता. तिने मोकळ्या हाताची मूठ वळली आणि कंबरेवर घट्ट रोवली.

ती बारीक बोटं आली. मुठीवरून फिरली, एकेक बोट उकलून बघायला लागली. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी. पोर घाबरली की अशीच करायची.

"नाय, पोरी," जिवली रडत रडत म्हणाली. "ती तुझी बहीन हाय. जा आता. आयेचं ऐक."

बोटं थांबली. मग अंगठ्यावर जरा वेळ राहिली आणि गेली.

आठव्या शुक्रवारी जिवली आली ती धापा टाकतच. आठवडाभर डोळ्याला डोळा नव्हता. नाडी एकशेचार. बाईंचा चेहरा पडला. सात आठवड्यांचा गुण एका आठवड्यात कसा उतरला, त्यांना कळेना. हात मोकळा ठेवायला जिवली काही केल्या तयार होईना. वही मिटायच्या आधी एक प्रश्न सगळ्यांनाच विचारायचा होता, तो त्यांनी तिलाही विचारला.

"जिवली, खरं सांग. तुला या नाचाने बरं वाटत नव्हतं का?"

"लय बरं वाटत होतं, बाय," जिवली म्हणाली. "म्हणून तर सोडलं."