मुंबईचं केंद्र धरून

"हात काढू नको गं. हात काढलास की चित्र जातं."

खिडकीतून काकी ओरडायची. काकी म्हणजे चिकूच्या वाडीवाल्या भाऊंची बायको. मी त्यांच्या गच्चीवर टीव्हीच्या अँटेनाचा पाइप धरून उभी.

बोईसरजवळच्या आमच्या नवापूरच्या किनाऱ्यावर नुसता अँटेना लावला, तर समुद्रावरून थेट गुजरातचं केंद्र लागायचं. आपलं मुंबईचं हवं असेल, तर अँटेना दक्षिणेला वळवून कुणीतरी धरून ठेवावा लागे. माणसाचा हात लागला की चित्र स्वच्छ दिसे. का, ते मला आजही माहीत नाही. घरच्या पोरांना वारा बाधतो म्हणून ती वर जात नसत. माझी आई त्यांच्या वाडीत कामाला, म्हणून मी. कोळ्याच्या पोरीला वारा बाधत नसावा.

एकदा चित्र कसं दिसतं ते बघायला मी खाली आले. काकीने उंबऱ्यावरच अडवलं.

"घरभर मासळीचा वास होईल. वरच बरी आहेस तू."

आतली सगळी हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

बाबांना फक्त हवामान हवं असायचं. त्यांची होडी लहान आणि आमचा रेडिओ बिघडलेला. मी घरी आले की ते जाळं बाजूला सारून विचारायचे, "दर्याचं काय सांगितलं गं?"

"वर काय आयकू येत नाय, बाबा."

आई म्हणायची, "पोरगी बातम्या धरते नि घरी मोकळी येते."

त्या संध्याकाळी वारा वेडावाकडा होता. पाइप दोन्ही हातांनी आवळून धरला होता. बातम्या संपल्या, उतरायला सांगितलं. मी खिडकीशी गेले आणि विचारलं, "काकी, दर्याचं काय सांगितलं?"

"तुला काय करायचंय? जा घरी."

खिडकी लागली.

घरी बाबांनी विचारलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पहाटे ते होडी घेऊन गेले.

होडीच्या फळ्या शेजारच्या मुरबे गावाच्या किनाऱ्याला सापडल्या. बाबा सापडले नाहीत.

भाऊ भेटायला आले. अंगणात खुर्चीवर बसले. चपला काढल्या नाहीत. म्हणाले, "बातम्यांत तर सांगितलं होतं, दर्यात जाऊ नका म्हणून. तुम्हाला कळलं नाही?"

आईने त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मरेपर्यंत ती त्याबद्दल बोलली नाही.

ती बातमी मी धरून ठेवली होती. माझ्या हातामुळे त्या खोलीत ती स्वच्छ दिसली. खोलीतल्या कुणालाच दर्यात जायचं नव्हतं.

आजही संध्याकाळी वारा सुटला की माझे तळवे गार पडतात. चुलीपाशी असले तरी मागून आवाज येतो, दर्याचं काय सांगितलं गं. मी वळत नाही. वळून काय सांगू?

आता अँटेना गेले. बोईसरहून केबल येते. किनाऱ्यावरच्या बंगल्यांना जाणारी वायर माझ्या कौलांवरून जाते, माझ्याच आढ्याला बांधलेली. बंगल्यांत मराठी बातम्या दिसतात. आमच्या गावाला मात्र कारखान्यांच्या चाळींतल्या परप्रांतीय कामगारांचंच चॅनेल-पॅक दिलंय. हिंदी सिनेमे आणि गुजराती बातम्या. गुजरातच्या किनाऱ्याचं हवामान मला तोंडपाठ आहे. माझा मुलगा मात्र इथल्या दर्यात जातो.

परवा केबलवाला वायर तपासायला आला. मी मराठी बातम्या मागितल्या. शेजारच्या बायका ऐकत होत्या.

तो म्हणाला, "मावशी, कोळीवाड्यात बातम्या बघतंय कोण? मोबाईल हाय ना तुमच्याकडे."

"मोबाईल पोराच्या खिशात हाय. पोरगा दर्यात हाय. तिथं रेंज नाय."

"मग तुमी बघून काय करणार?"

दर्यात निघण्याआधी पोरगा माझ्याच हातचं जेवून निघतो. मला वादळाचं कळलं, तर तो उंबरा ओलांडणार नाही. हे केबलवाल्याला समजावण्यात मी वेळ घालवला नाही. कोयता घेतला, शिडी लावली आणि वायर तोडली.

तो खालून म्हणाला, "बंगल्यांतले टीव्ही बंद केलेत तुमी. शेटलोक मला सोडणार नायत."

"आदी आमच्या गावात मराठी बातम्या लाव. मगच ही वायर जोडू देईन."

वायर अजून अंगणात पडली आहे. बंगलेवाले पोलीस आणणार म्हणतात. आणोत. त्यांनाही हेच सांगेन, आणि जोडायला जो शिडी लावेल, त्याला मी वर चढू देणार नाही.