पायांची माफी

मांजरसुंब्याच्या फाट्यावर ती मला एकदाच भेटली. हुंड्याविरुद्धच्या माझ्या पत्रकांचा गठ्ठा सुटला आणि दुपारच्या उन्हात कागद पाखरांसारखे संथ तरंगत गेले. तिनं एक बुटानं अडवला, उचलून कपाळाला लावला आणि मला दिला.

मी तडकलेच. "पाय लागला तर काय बिघडलं? पाय काय हलका अवयव हाय?"

ती हसली. "पायाचंच खायचं हाय ताई. फुटबॉल खेळते, फॉरवर्डला. पुण्याला निवडीला चाललेय. टीममधी घेतलं तर नोकरी, न्हाई तर दिवाळीनंतर लगीन."

"मग बॉलच्याबी पाया पडता का?"

"पडायची की! लाथ मारली की हात छातीला जायचा, तेवढ्यात पोरी बॉल पळवायच्या. आता खेळाआधीच एकदा माफी मागते. मंग शेवटची शिट्टी वाजंस्तोवर कुणाची न्हाई."

बोलताना समोर नसलेला बॉल ती पायानं हळूहळू घोळवत होती. मलाही तो दिसू लागला होता. तेवढ्यात एसटी आली आणि ती गेली.

तिची निवड झाली का, कधीच कळलं नाही. ते पत्रक मात्र मी जपलंय. हुंड्यावरच्या माझ्या घोषणांवर तिच्या बुटाचा ठसा आहे. त्याहून खरं मी काही छापलेलं नाही.