खोबरेल लावलेल्या स्की आणि डोर्नचं जंगल

सपाट नेदरलँड्समध्ये स्कीइंग? हसा, मीही हसले होते. पण २०२१च्या फेब्रुवारीत इथे असा बर्फ पडला की शहाणीसुरती माणसंही सुपरमार्केटला स्की घालून निघाली. लॉकडाऊनमुळे आल्प्सचं नावही काढायची सोय नव्हती.

मला डिसेंबरमध्ये कोविड होऊन गेला होता. त्यानंतर कापेलच्या आमच्या फ्लॅटमधून मी कचरा टाकण्यापलीकडे बाहेर पडले नव्हते. हाउसआर्ट्स, म्हणजे आमची फॅमिली डॉक्टर, म्हणाली की फुप्फुसं स्वच्छ आहेत, चालायला लागा. पण जरा धाप लागली की माझा जीव घाबरा व्हायचा. श्वास पुरेल याची खात्रीच उरली नव्हती.

"शनिवारी जंगलात जायचं," निखिलने, माझ्या नवऱ्याने, जाहीर केलं. "तुला हवा, ईराला घसरगुंडी." आठ वर्षांच्या ईराकडे स्लेज होती. माझ्यासाठी त्याने क्रॉस-कंट्री स्की आणल्या, म्हणजे सपाटीवर चालत-घसरत जायच्या. जुन्याच, बुटांसकट तीस युरो. विकणाऱ्याने सांगितलं होतं, तळाला मेण लावा. मेण नव्हतं, खोबरेल होतं. मी हीटरवर बाटली ठेवून तेल पातळ केलं आणि दोन्ही स्की तान्ह्या बाळासारख्या चोळून काढल्या.

कापेलहून ए-वीस, मग ए-बारा, तासाभरात डोर्न. हमरस्त्यांवर मीठ टाकलेलं असतं, आतल्या रस्त्यांवर जपून. नऊच्या आत पोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. जंगलात शिरायला पैसे लागत नाहीत. कॅफे खिडकीतून वाटाण्याचं दाट सूप देतात, पण आतलं टॉयलेट बंद. तेव्हा चहा बेताने. धपाटे घरून न्यावेत.

उणे सहा तापमानात, निखिलचं जाकीट आणि कानटोपी चढवून मी पहिलं पाऊल सरकवलं. सरकलंच नाही. दुसऱ्या पावलाला मी चार बोटं उंच झाले, कारण तळाला बर्फाचे गोळे चिकटत होते. जी बाई उभा जन्म थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवत आली, तिला ते इथे गोठेल एवढं सुचू नये! निखिल हसून हसून बर्फातच बसला.

तेवढ्यात एक डच आजोबा स्कीवरून आले आणि कोविडच्या नियमाप्रमाणे बरोबर दीड मीटरवर थांबले.

"मेवरौ, काय लावलंत हे?" डचमध्ये 'बाई' अशी हाक मारून त्यांनी पुढचं इंग्रजीत विचारलं.

"खोबरेल तेल."

"केसांना लावतात ते?"

"तेच."

त्यांनी तिथूनच वाकून स्की निरखल्या. "चमक छान आली आहे."

मग खिशातून एक छोटी मेणबत्ती काढली, ओंडक्यावर ठेवली आणि तीन पावलं मागे गेले. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायच्या पट्टीने आम्ही तेल काढलं, मेण घासलं. आणि काय सांगू, स्की निघाल्या की! दोन्हीकडे पाइन, पायाखाली सरसर आवाज. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने वेडगळ काहीतरी गायला लागले.

मग चढ आला. अर्ध्यावर धाप लागली आणि नेहमीची भीती छातीत येऊन बसली. मी काठ्यांवर रेलले. निखिलचा चेहरा पडला. "परत फिरू या?"

"आई, तुझा ब्रेथ बघ!" ईरा ओरडली. "सो बिग! माझ्यापेक्षा बिग!"

मी बघितलं. तोंडातून पांढरी वाफ निघत होती. विरत होती, की लगेच दुसरी, मग तिसरी. मी किती वेळ तशीच बघत उभी होते कोण जाणे. एवढा श्वास माझ्याकडे होता आणि मी तो दोन महिने चमच्याने वापरत होते! "फिरायचं नाही," मी म्हटलं. वर पोचले, उतारावर अर्थातच उताणी पडले आणि तिथेच धापा टाकत हसत राहिले. धाप होती, भीती नव्हती.

घरी येऊन वरणभात तीनदा वाढून घेतला. दुसऱ्या दिवशी अंगातले न भेटलेले स्नायू भेटले. पुढच्या आठवड्यात बर्फ गेला, स्की तळघरात गेल्या. मी मात्र रोज सकाळी नदीच्या बांधावर चालायला लागले.

जंगलातून आल्यावरच्या सोमवारी साताऱ्याला आईला फोन केला होता. रोजच्यासारखंच म्हटलं, "मी बरी आहे गं."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आज खरं बोललीस," ती म्हणाली.