नानांचा परदेशी फोन

परदेशाची इतकी माहिती असलेला आणि परदेशाशी इतका कमी संबंध आलेला माणूस माझ्या थोरल्या मेहुण्यांसारखा अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. त्यांना सगळे नाना म्हणत, मीही नानाच म्हणे. एकीकडे नागपूर आणि दुसरीकडे सुरत, याच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. पण जळगावच्या त्यांच्या ओसरीत चहा पिता पिता ते मला सहज सांगत, "पाव्हणे, लंडनला आत्ता लोक दात घासत असतील." भिंतीवर घड्याळ एकच होतं, बाकीची सगळी घड्याळं त्यांच्या डोक्यात चालत. माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, म्हणे की नानाला अमेरिकेत किती वाजले ते कळतं, फक्त आपल्या घरी जेवायची वेळ झालेली कळत नाही.

या ज्ञानाला वाट मिळाली ती सूतगिरणीतली नोकरी संपल्यावर. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मुंबईची एक कंपनी परदेशी जाणाऱ्यांना मोबाइल फोन द्यायची. बोलण्याची मिनिटं आधीच भरून घ्यायची, तिकडे जाऊन बोलायचं आणि परत आल्यावर फोन कंपनीला द्यायचा. नानांनी या कंपनीची जळगावची एजन्सी घेतली. करड्या रंगाच्या एका बॅगेत दोन फोन आले. गंमत अशी की हे फोन जळगावात मुळीच चालत नसत. नाना ते बॅगेतून काढून लोकांच्या हातात देत, आणि लोकांनी कानाला लावून काही ऐकू येत नाही म्हटलं की समाधानाने मान डोलवत. "इथे चालत नाही, हीच याची खासियत. इथे चालणारा फोन परदेशात काय कामाचा?"

अडचण एवढीच होती की जळगावातून परदेशी जाणारा माणूस सापडत नव्हता. नाना त्याला सगळीकडे शोधत. भडगावच्या एका लग्नात त्यांनी पंगतीत शेजारी बसलेल्या वरपित्याला हळूच विचारलं की मुलाचा पासपोर्ट काढला आहे का. वाढणाऱ्याने ते ऐकलं. ताक येईपर्यंत नवरदेव अमेरिकेला निघाल्याची बातमी मांडवभर झाली, आणि एकुलती एक लेक इतक्या लांब जाणार म्हणून नवरीच्या आईने जेवण सोडलं. नवरदेव तिथल्याच पंचायत समितीत कारकून होता. सगळ्यांची समजूत घालता घालता आमची शेवटची एसटी गेली. नाना मात्र त्या गोंधळातही वधूपक्षाकडच्या दोघांना पासपोर्टचे कोरे अर्ज देऊन आले.

वर्ष असंच गेलं. दिवाळीपर्यंत एकही गिऱ्हाईक मिळालं नाही तर फोन परत करावेत, असं कंपनीचं पत्र आलं. आणि मग यावलजवळच्या एका खेड्यातले सुपडू आप्पा मिळाले. आप्पा केळीचे बागायतदार. ठिबकची शेती बघायला शेतकऱ्यांची एक तुकडी दहा दिवस इस्रायलला निघाली होती, तीत त्यांचं नाव होतं. पण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले, आणि आप्पांची बायको त्यांना जाऊ देईना. नाना यावलच्या बसने गेले आणि त्या माउलीसमोर बसले. "अक्का, जाऊ द्या त्यांना. पोरगी मोकळी झाली की पाच मिनिटांत आप्पांना कळेल. माझा शब्द आहे." अक्कांनी करड्या बॅगेकडे बराच वेळ पाहिलं आणि मग हो म्हणाल्या.

पुढचे पंधरा दिवस नानांनी आप्पांची शिकवणी घेतली. केळीच्या बागेच्या एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला नाना, दोघांच्या कानाला एकेक मुका फोन, आणि बोलणं चाललेलं मोठमोठ्याने ओरडून. बागेतले मजूर काम थांबवून बघत. आप्पा दर वेळी सुरुवात करत, "मी सुपडू बोलू राह्यलो," आणि मग गावाचं, तालुक्याचं नाव सांगत. मिनिटं वाया जातात म्हणून नाना कपाळाला हात लावत. काम नसताना फोन बंद ठेवायचा, रोज चार वाजता फक्त तासभर चालू करायचा, हे त्यांनी आप्पांकडून इतक्यांदा म्हणून घेतलं की अक्कांनाही पाठ झालं. घरच्या फोनवरून परदेशी लावायची सोयही त्यांनीच अर्ज करून मिळवून दिली.

आप्पा गेल्याच्या पाचव्या दिवशी लेकीला यावलच्या दवाखान्यात मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं, पण दोघी सुखरूप होत्या. दिवाळीच्या सुट्टीत मी धुळ्याहून आलो होतो, नाना मलाही आप्पांच्या घरी घेऊन गेले. चारच्या ठोक्याला त्यांनी नंबर फिरवला. पलीकडून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. नानांनी तिला अदबीने आपलं नाव सांगितलं. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं; ती रेकॉर्ड केलेली होती. सव्वाचारला तीच बाई, साडेचारला तीच, पाचलाही तीच. दाराशी उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या, "नाना, तुम्ही पाच मिनिटं म्हणले व्हते." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो लागला. नानांनी समोरचा चहा घेतला नाही. आपल्यामुळे एक माणूस या दिवशी घरी नाही, असं ते मला दोनदा म्हणाले.

सहाच्या सुमारास ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा पार उतरला.

"पाव्हणे," ते म्हणाले, "मी चार वाजता म्हणालो. कुणाचे चार, ते सांगितलंच नाही."

जगभरची घड्याळं डोक्यात बाळगणारा माणूस आपल्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाला घड्याळ सांगायला विसरला होता. आप्पांनी तिथे उतरल्यावर मनगटावरचं घड्याळ तिथल्यासारखं लावलं असणार, आणि तिथले चार म्हणजे आपले साडेसात. मला हसू येत होतं, पण मी हसलो नाही.

साडेसातला फोन लागला. "मी सुपडू बोलू राह्यलो," इथपासून आप्पांनी सुरुवात केली. या वेळी नानांनी कपाळाला हात लावला नाही. त्यांनी रिसीव्हर अक्कांच्या हातात दिला. अक्का म्हणाल्या, "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. तुम्ही जेवले का?" तिकडून केळीला पाणी दिलं का, असं विचारलं गेलं असावं, कारण अक्का दिलं म्हणाल्या. मग दोघं गप्प झाले. अक्का रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभ्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिकडूनही आवाज नव्हता आणि मिनिटं चालली होती. मी नानांकडे पाहिलं. फोन तुटेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

आप्पा खजुराचं खोकं घेऊन परत आले आणि बारशाला नानांना मानाने बोलावलं. पुढे मात्र दुसरं गिऱ्हाईक आलं नाही, कंपनीनेही एजन्सी काढून घेतली. फोन पोस्टाने पाठवायच्या आधी नाना ओसरीत बसून ते मऊ फडक्याने पुसत होते. मी सहज म्हटलं, नाना, एकदा तुम्हीच जाऊन या ना कुठेतरी, एजन्सीच्या वेळी काढलेला पासपोर्ट तर आहे.

"जाईन हो," ते म्हणाले, "पण तिकडून फोन कुणाला लावू?"

वहिनी, म्हणजे नानांची बायको, जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. नानांच्या तोंडून तिच्याबद्दल एवढंसुद्धा मी प्रथमच ऐकत होतो. मी म्हणालो, "आम्हाला लावा की, धुळ्याला."

त्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला, खिशातली डायरी काढली आणि बारा वर्षं तोंडपाठ असलेला आमच्या घरचा नंबर मला पुन्हा सांगायला लावला. मग त्याच्या आधी, परदेशातून लावताना लागतो तो भारताचा कोड घालून, एकेक आकडा कोरत त्यांनी तो लिहून घेतला.