नाल्यापलीकडचं पान

वरोऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. देशांनी एकत्र येऊन व्यापाराचा गट करायचा, मग त्यातल्या एखाद्याने अंग काढून घ्यायचं, मग त्याचं काय होतं, हे मी दरवर्षी जीव तोडून सांगते आणि मागचे बाक दरवर्षी जांभया देतात. म्हणून त्या हिवाळ्यात काकांचा फोन आला, "आपलं गाव गटातून बाहेर निघून राह्यलं. रविवारी सभा आहे, तू ये," तेव्हा मी उडालेच. माझा अख्खा धडा माझ्याच गावात, करंजाच्या झाडाखाली घडणार होता! शनिवारी दुपारीच कॉलेजातून निघाले आणि बस बदलत बदलत कुरखेड्याच्या पुढे आमचं गाव गाठलं.

आमच्या भागातल्या ग्रामसभा विड्यांसाठीचा तेंदूपत्ता मिळून विकतात. ठेकेदार एक, भाव एक. आणि तोडणीपुरतं जंगलही एकच, म्हणजे गटातल्या कोणत्याही गावच्या बाईने कोणत्याही गावच्या शिवेत पान तोडावं, कोणी हटकणार नाही. काकांचं म्हणणं सरळ होतं. आमचं पान मोठं, पातळ, मऊ. नाल्यापलीकडच्या गावाचं जाड आणि किडीने भोकं पाडलेलं. तरी भाव दोघांना सारखाच! ठेकेदार काकांच्या कानाशी लागला होता, वेगळे व्हा, जास्त देतो.

नाल्यापलीकडचं गाव म्हणजे माझ्या आईचं माहेर. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, त्याच गावात दिलेली. तेंदूच्या हंगामात आई फटफटायच्या आधी नाला ओलांडते आणि दोघी बहिणी जोडीने पान तोडतात. एरवी हिला हिच्या धानाच्या कामातून आणि तिला तिच्या कामातून सवड नसते. नाला काही गंगा नाही, पाच मिनिटांत पार होतो, पण बाईमाणसाला घराबाहेर पडायला कारण लागतं. आईचं कारण तेंदू होतं. गाव वेगळं झालं की ज्याने त्याने आपापल्या शिवेत तोडायचं, म्हणजे ते कारण संपलं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं का? होतं. पण मी वादाच्या तयारीत होते, आणि वाद म्हटला की मला दुसरं काही सुचत नाही.

आमच्या सभेत हात वर करून मोजणी होत नाही. सगळ्यांचं एक होईपर्यंत ठराव नाही. एकाने जरी 'नाई' म्हटलं तरी गाडं अडतं, आणि त्याला दटावून गप्प करायचं नाही, समजवायचं, ही रीत. रविवारी सकाळी काका जे सुटले ते सुटलेच. तळ्यात मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या भाऊंनी तेवढं अडवलं.

"आज वेगळे व्हाल, अन् उद्या हाच ठेकेदार भाव पाडंल. तवा कोणाले हाक माराल?"

काका गडबडले. मग मात्र मला राहवेना. मी ताडकन उठले आणि म्हटलं, एकाच ठेकेदाराच्या भरवशावर राहायचंच कशाला, चार जणांना बोलवा, पान दाखवा, उघड बोली लावा. आपला माल खरा आहे तर भ्यायचं कोणाला? बोलता बोलता माझा आवाज चढला, पोरं टाळ्या पिटू लागली, आणि भाऊंनी दाढी खाजवत कबूल केलं, "पोरगी बोलते तर बराबर." वर्गात इतक्या वर्षांत कोणी मला असं म्हटलं नव्हतं! मी हवेत होते.

अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाचं नाई आहे काय?"

बायांच्या मधून आई उठली. "माहं नाई आहे."

आई सभेत बोललेली मी कधी पाहिली नव्हती. काकांनीही नसावी. त्यांनी कारण विचारलं, "काऊन, वहिनी?"

"भाऊजी, मले या गावात आणलं, तवा तिकडचं पान पाह्यलं होतं काय?"

एकच हशा पिकला. आई हसली नाही. "पोरी आणाले ते गाव चालते. पान आणाले नाई चालत?"

पाठीमागून काकू उठल्या, काकांच्या सख्ख्या बायको. त्याही पलीकडच्याच. "माहंबी नाई," म्हणाल्या आणि आईच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. काकांचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण माझा पारा चढला होता.

"माय, हा धंदा आहे! तू नुसती मायेनं बोलून राह्यली!"

"मंग कायनं बोलू? माही बहीण आहे तिकडं."

मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकाच वेळी. काकांचा हिशोब बरोबर होता, आजही मी तेच म्हणेन. पण आईला समजवायला कोणीच पुढे आलं नाही, मीसुद्धा. ठराव बारगळला आणि गाव गटातच राहिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हट्टाने आईबरोबर तोडणीला निघाले. वाटभर ती पोरीसारखी बोलत होती, पाय जमिनीला लागत नव्हते तिचे. मावशीच्या अंगणात पोचल्या पोचल्या तिने सगळी सभा नकलांसकट सांगितली, काकांच्या तोंडासकट.

मावशी डोक्याला फडकं बांधत ऐकत होती. म्हणाली, "आमच्याकडंबी झाली ना सभा. सारे म्हणे, त्या गावाले गटातून जाऊ देऊ नोका, समजवा. मी एकटीनंच म्हटलं, जाऊ द्या त्यायले."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. "काऊन व?"

"काऊन म्हणजे? लगन झाल्यापासून तू येतेस ते वाकूनच. पान तोडतेस, बोजा उचलतेस, ऊन चढाच्या आत पळतेस. एक डाव तरी माह्या घरी टेकलीस काय? मले वाटलं, पानाचं कारण तुटलं तर बहिणीकडं म्हणून येशील."

वाटेवरून बाया हाका मारू लागल्या. कोवळ्या उन्हातच पान तोडून होतं, उशीर करून चालत नाही. अख्ख्या गावाला अडवणारी आई वाटेकडे वळली. तिने आवाज दिला, "तुमी व्हा समोर!" आणि ओसरीवर मांडी घालून बसली.

"चहा मांड," म्हणाली.