कपाशीतली घेटुळी

तेलगावजवळच्या एका बागायतदाराने माझ्या टोळीतल्या सर्वांत जाणत्या बाईला फसवलं. मजुरीत नाही, पाल्यात.

खुरपणीचं गुत्तं, म्हणजे उक्तं काम, मी अकरा बायांना घेऊन करते. भाव ठरवताना माझा आवाज चढतो, हे शिवारभर ठाऊक आहे. आमच्याकडे खुरपलेलं गवत बायांचं. शेळीला न्यायचं, भाजीला न्यायचं. त्या कपाशीत घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, माजली होती; तिची भाजी होते, म्हणून गवताचं मी आधीच बोलून घेतलं. मालक लगेच हो म्हणाले. तिथंच मला शंका यायला हवी होती.

घेटुळी वरवर छाटून भागत नाही. मूळ बोटाएवढं जाड; उकरून काढलं नाही तर आठवड्यात पुन्हा पसरते. तिच्यासारखी दिसणारी दुसरीही एक असते. आमची ही जाणती बाई नव्या बायांना देठ मोडून दाखवायची, "ही मऊ, रसाळ, टाकून दे. आपली ती लालसर, चिवट, पानाखाली पांढुरकी."

त्या दिवशी काही पानं मुरगळलेली दिसली.

"मालक, पानं कावून अशी?" मी विचारलं.

"ऊन लागलंय. आता पाला बी तपासून घेता का बाई?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

बाईच्या सासऱ्यांच्या पायांवर सूज होती. घेटुळीने सूज उतरते, म्हणून तिने त्याच पाल्याचे कोवळे शेंडे खुडून त्यांना भाजी करून घातली. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, जीप करून अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, आम्ही घेटुळी सांगितली. दुसरं काही आम्हाला ठाऊकच नव्हतं.

म्हातारा वाचला. पण सासू गल्लीभर सांगत सुटली, "हिला साधं तण वळखू येईना!" तेव्हापासून नव्या बायांनी काही विचारलं की बाई मान खाली घालते. "मला न्हाई कळत."

दुसऱ्या खुरपणीचं बोलायला गेले, तेव्हा मालक सहज बोलून गेले, "औषध मारून बी घेटुळी मेली न्हाई, म्हणून तर तुमाला बोलावलं हुतं."

"कधी मारलं?"

"तुमी यायच्या दोन दिस आधी."

"मग तवाच सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी आल्या असत्या का? अन् खा म्हणून मी म्हणलो का?"

मी खुरपं तिथंच आपटलं आणि गुत्तं सोडलं.

मालक, मला तुमचं काही नको. तिच्या दारात या. सासूसमोर उभं राहून सांगा, हिने पाला बरोबर ओळखला होता, विष मी मारलं होतं. कधी येताय, तेवढं बोला.